लॅटिनच्या विभक्त्या: सुरुवात षष्ठीपासून करा

लॅटिनचं कुठलंही पुस्तक उघडा, थोड्याच पानांत नामांचे तक्ते सुरू होतात. एकूण पाच तक्ते, प्रत्येकात दहा-बारा रूपं. शिकणारे बहुतेकजण पहिला तक्ता उत्साहाने पाठ करतात, दुसरा कसाबसा करतात आणि तिसऱ्यापाशी वही मिटतात. ही गळती अगदी टाळण्यासारखी आहे. मराठी माणसाने तर इथे अडकूच नये, कारण या विषयाला लागणारी निम्मी समज त्याला घरातूनच मिळालेली असते. माझं लॅटिन नोकरी सांभाळून, बरंचसं पुस्तकांच्याच आधाराने झालं. ती पुस्तकं इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली होती. विभक्ती म्हणजे काय हे समजावण्यात त्यांची पानंच्या पानं जातात, आणि मराठीमुळे जिथे पाय घसरतो तिथे ती गप्प असतात. म्हणून हा लेख.

वकिली, औषधनिर्माण किंवा वनस्पतिशास्त्र शिकणारे, सेमिनरीत जाणारे, संस्कृतची आवड असलेले, अशा सगळ्यांना या पायऱ्या चालतील. लॅटिनची आधीची ओळख लागत नाही. शाळेतलं संस्कृत थोडं आठवत असेल तर काम सोपं होईल, पण नसलं तरी अडत नाही.

काय काय जवळ ठेवायचं

- स्वरांच्या दीर्घतेची खूण दाखवणारं एक व्याकरण. दीर्घ स्वरावर आडवी रेघ नसलेलं पुस्तक सुरुवातीला घेऊ नका. कारण पुढे कळेल.
- प्रत्येक नामाची षष्ठी आणि लिंग देणारा शब्दकोश. इंटरनेटवर विक्शनरीत जवळपास प्रत्येक लॅटिन नामाचा पूर्ण तक्ता, ऱ्हस्व-दीर्घासकट, मिळतो.
- टफ्ट्स विद्यापीठाचं पर्सियस हे संकेतस्थळ. लॅटिन मजकुरातल्या शब्दावर टिचकी मारली की तो कुठल्या रूपात असू शकतो ते दिसतं. आधी स्वतः ओळखायचं आणि मगच टिचकी मारायची.
- एक वही. लॅटिन शब्द रोमन लिपीत लिहा आणि शेजारी देवनागरीत उच्चार. इ-ई, उ-ऊ हा फरक देवनागरीत आपोआप दिसतो, त्याचा फार उपयोग होतो.

उच्चार कुठला धरायचा हे पहिल्या दिवशीच ठरवा. अभिजात उच्चारात रोमन सी हे अक्षर नेहमी ‘क’, आणि ए-ई या रोमन अक्षरांची जोडी ‘आय’सारखी. चर्चच्या उच्चारात इ-ए च्या आधी ‘क’चा ‘च’ होतो आणि ती जोडी नुसती ‘ए’ होते. दोन्ही बरोबर आहेत, पण सरमिसळ केली तर कानाला काहीच लक्षात राहत नाही. या लेखात मी अभिजात उच्चार धरले आहेत.

### १. आधी कामं ओळखा, प्रत्यय नंतर

लॅटिनमध्ये रोजच्या वापरातल्या विभक्त्या पाच. त्यांना मराठी नावंच द्या, परकी नावं हळूहळू जोडली जातील.

प्रथमा कर्त्याची. द्वितीया कर्माची. षष्ठी चा-ची-चे ची. चतुर्थी देण्याघेण्याची, म्हणजे ज्याला किंवा ज्याच्यासाठी. आणि पाचवी, जिला सोयीसाठी आपण पंचमी म्हणू, तिच्याकडे तीन कामं आली आहेत: तलवारीने, शहराहून, शहरात. संस्कृतात तृतीया, पंचमी आणि सप्तमी वेगळ्या आहेत. लॅटिनमध्ये त्यांची रूपं एकमेकांत मिसळून गेली. म्हणून पंचमी दिसली की ‘ने, हून की त?’ असं विचारायची सवय लावा. द्विवचन नाही, त्यामुळे संस्कृतातल्या चोवीस रूपांच्या जागी इथे दहाच. संबोधन जवळजवळ नेहमी प्रथमेसारखं असतं. फक्त ‘दोमिनुस’ म्हणजे स्वामी, अशा –उस वाल्या दुसऱ्या गटात (गट पुढे तिसऱ्या पायरीत येतात) ते ‘दोमिने’ असं होतं.

सप्तमीचा एक लहानसा अवशेष मात्र उरला आहे आणि मराठी माणसाला तो फार जवळचा वाटेल. ‘दोमी’ म्हणजे घरी. ‘रूरी’ म्हणजे गावी. शाळेत आपण सप्तमीचे ‘त, ई, आ’ पाठ केले, त्यातला ‘ई’ आज आपल्याकडेही घरी, दारी, गावी अशा मोजक्याच शब्दांत राहिला आहे. लॅटिनमध्येही तो घर, गाव, जमीन आणि शहरांची नावं एवढ्यापुरताच राहिला. ‘रोमाय’ म्हणजे रोममध्ये.

या भाषांमधलं साम्य गोव्यात फार पूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनच्या जवळची असल्याचं म्हटलं आहे. मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे ते हेच. त्यांचं कोंकणीचं व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० साली राशोलला छापलं गेलं, आणि त्याची चौकट लॅटिन व्याकरणाची आहे. लॅटिन विभक्त्यांच्या वाटेने ते आपल्या भाषेपर्यंत आले. आपल्याला तीच वाट उलट्या दिशेने चालायची आहे.

### २. प्रत्येक शब्द षष्ठीसकट पाठ करा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. लॅटिन नाम एकटं पाठ करायचं नाही. त्याची प्रथमा, षष्ठी आणि लिंग ही तिन्ही एका दमात म्हणायची: ‘रेक्स, रेगिस, पुल्लिंग: राजा’.

का, ते मराठीतच पाहा. ‘पाणी’ आणि ‘राणी’ दोन्ही ‘णी’ने संपतात. पण आपण पाण्याला म्हणतो आणि राणीला म्हणतो. परदेशी विद्यार्थ्याला नुसतं ‘पाणी’ शिकवलं तर तो ‘पाणीला’ म्हणणारच. त्याला सामान्यरूप शिकवावं लागतं: पाणी–पाण्या, माणूस–माणसा, पाऊस–पावसा, विंचू–विंचवा. प्रत्यय लागतात ते सामान्यरूपाला, मूळ शब्दाला नाही.

लॅटिनमध्ये अगदी हेच आहे. हे तीन शब्द पाहा, तिन्ही –उस ने संपतात:

- दोमिनुस (स्वामी), षष्ठी दोमिनी
- मानुस (हात), षष्ठी मानूस
- कोर्पुस (शरीर), षष्ठी कोर्पोरिस

प्रथमेवरून तिघांत काहीच फरक कळत नाही. षष्ठी पाहिली की दोन गोष्टी एकदम कळतात. पहिली, शब्द कुठल्या गटातला. दुसरी, षष्ठीचा प्रत्यय काढून टाकला की जे उरतं ते लॅटिनचं सामान्यरूप: दोमिन–, मान–, कोर्पोर–. बाकीचे सगळे प्रत्यय याच अंगाला लागतात.

इथला नेहमीचा फास असा की शब्दकोशात षष्ठी पुष्कळदा तोडून दिलेली असते, नुसतं ‘–ओरिस’ किंवा ‘–ई’ एवढंच. वहीत उतरवताना ती पूर्ण लिहा. ‘पुएर’ म्हणजे मुलगा, षष्ठी ‘पुएरी’. ‘आगेर’ म्हणजे शेत, षष्ठी मात्र ‘आग्री’. मधला ए गळला. तोडून लिहिलेल्या नोंदीत हे हमखास निसटतं.

### ३. पाच गट षष्ठीवरून ओळखा

इंग्रजी पुस्तकं ज्याला डिक्लेन्शन म्हणतात त्याला आपण गट म्हणू. ओळख षष्ठी एकवचनावरून:

- पहिला गट: –आय (रोसा, रोसाय: गुलाब)
- दुसरा गट: –ई (दोमिनुस, दोमिनी; नपुंसकलिंगी बेल्लुम, बेल्ली: युद्ध)
- तिसरा गट: –इस, ऱ्हस्व इ (रेक्स, रेगिस)
- चौथा गट: –ऊस, दीर्घ ऊ (मानुस, मानूस)
- पाचवा गट: –एई (रेस, रेई: गोष्ट, बाब)

पहिले तीन गट नीट आले की बहुतेक नामं हातात आली. चौथ्यात शब्द कमी. पाचव्यात तर फारच थोडे, आणि अनेकवचनाची सगळी रूपं चालतात असे ‘रेस’ आणि ‘दिएस’ (दिवस) हे दोनच. या दोन गटांवर सुरुवातीला वेळ घालवू नका.

### ४. तक्ते उभे नको, आडवे पाठ करा

प्रत्येक पुस्तक एकेक गट वरून खाली पाठ करायला लावतं. माझा सल्ला वेगळा आहे. एक विभक्ती घ्या आणि ती पाचही गटांतून आडवी न्या. साम्य लगेच दिसतं आणि ओझं निम्म्यावर येतं.

द्वितीया एकवचन: रोसाम, दोमिनुम, रेगेम, मानुम, रेम. पाचही ‘म’ने संपतात. देवम्, वाचम् म्हणताना संस्कृतात हाच म् येतो.

द्वितीया अनेकवचन: रोसास, दोमिनोस, रेगेस, मानूस, रेस. पाचही ‘स’.

षष्ठी अनेकवचन: रोसारुम, दोमिनोरुम, रेगुम, मानुउम, रेरुम. शेवट नेहमी –उम. संस्कृतात वाचाम्, नाम्नाम् यांत –आम् आहे, त्याचा हा भाऊ.

चतुर्थी आणि पंचमी अनेकवचन: रोसीस, दोमिनीस, रेगिबुस, मानिबुस, रेबुस. या दोन विभक्त्या अनेकवचनात नेहमी सारख्या असतात, एकही अपवाद नाही. संस्कृतातही चतुर्थी-पंचमीच्या अनेकवचनाला एकच –भ्यः असतो, आणि लॅटिनचा –बुस हा त्याच मुळातला आहे. आपण जिला बस म्हणतो तो शब्द इथलाच. फ्रान्समध्ये १९ व्या शतकात सार्वजनिक घोडागाडीला ‘ओम्निबुस’ हे नाव मिळालं, म्हणजे ‘सर्वांसाठी’, चतुर्थी अनेकवचन. पुढे शब्द आखडला आणि एस.टी.च्या पाटीवर फक्त विभक्तीचा प्रत्यय उरला.

पंचमी एकवचन: रोसा, दोमिनो, रेगे, मानू, रे. शेवटी नुसता स्वर. तिसरा गट सोडला तर तो दीर्घ.

राहिल्या षष्ठी आणि चतुर्थीच्या एकवचनी. षष्ठी तुम्ही शब्दाबरोबरच पाठ केली आहे. चतुर्थी: रोसाय, दोमिनो, रेगी, मानुई, रेई. प्रथमेचं अनेकवचन: रोसाय, दोमिनी, रेगेस, मानूस, रेस.

पुस्तक बदललंत तर आधी तक्त्यातला विभक्त्यांचा क्रम पाहा. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत प्रथमेनंतर संबोधन आणि द्वितीया येतात. अमेरिकन पुस्तकांत प्रथमेनंतर षष्ठी, चतुर्थी आणि मग द्वितीया. आंधळेपणाने दुसरी-तिसरी ओळ पाठ केलेल्याचा इथे पार गोंधळ उडतो. ओळीच्या क्रमांकावर नको, विभक्तीच्या नावावर विसंबा.

### ५. नपुंसकलिंगाचा एकच नियम

नपुंसकलिंगी नामाची प्रथमा आणि द्वितीया सारखीच असते, आणि अनेकवचनात ती दोन्ही –आ ने संपतात. बेल्लुम–बेल्ला, कोर्पुस–कोर्पोरा, नोमेन–नोमिना. संस्कृतातला ‘फलम्, फलम्, फलानि, फलानि’ आठवतो ना, तोच हा नियम. बाकी रूपं आपापल्या गटाप्रमाणे.

### ६. तिसऱ्या गटाला घाबरू नका

सगळे इथेच थांबतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

या गटात प्रथमेचा काही भरवसा नाही. रेक्स, होमो, नोमेन, कोर्पुस, मिलेस, कापुत, फ्लोस, सगळे याच गटातले. षष्ठी मात्र सगळं उघड करते: रेगिस, होमिनिस, नोमिनिस, कोर्पोरिस, मिलितिस, कापितिस, फ्लोरिस.

संस्कृतची हलन्त नामं माहीत असतील तर हा गट जुना ओळखीचा निघतो. ‘वाच्’ हे नाम आणि लॅटिनचं ‘वोक्स’ (आवाज) शेजारी ठेवून मोठ्याने म्हणा:

- वाक् – वोक्स
- वाचम् – वोकेम
- वाचे – वोकी
- वाचः – वोकिस
- वाचाम् – वोकुम
- वाग्भ्यः – वोकिबुस

वाक् मध्ये च् चा क् होतो आणि वाचः मध्ये मूळ च् परत दिसतो. वोक्स मध्येही क ला स चिकटून क्स होतो, आणि वोकिस मध्ये मूळ क मोकळा होतो. रेक्स–रेगिस मध्ये ग, पाक्स–पाकिस (शांतता) मध्ये क, नोक्स–नोक्तिस (रात्र) मध्ये क्त. म्हणजे प्रथमेच्या स ने मागच्या व्यंजनाला झाकलं आहे, एवढंच. पाय म्हणजे ‘पेस, पेदिस’. संस्कृतातला पद् जसाच्या तसा पेद– मध्ये बसला आहे. नाव म्हणजे ‘नोमेन, नोमिनिस’, आपलं नामन्.

कोर्पुस–कोर्पोरिस मधला र कुठून आला? जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या स चा र झाला. मनः–मनसः या जोडीत संस्कृतने स राखला. ‘गेनुस, गेनेरिस’ (वंश, प्रकार) आणि संस्कृतचं ‘जनस्, जनसः’ ही तर सख्खी भावंडं. एवढं कळलं की तेम्पुस–तेम्पोरिस (काळ), ओपुस–ओपेरिस (काम) यांना अनियमित म्हणावंसं वाटत नाही. रोसारुम, दोमिनोरुम मधला र सुद्धा याच बदलातून आलेला.

एक बारकावा मात्र शिकावाच लागतो. या गटातल्या काही शब्दांची षष्ठी अनेकवचनात –उम ऐवजी –इउम होते. ओळखायचं असं: प्रथमा आणि षष्ठीत अक्षरसंख्या सारखी असेल (किविस–किविस, नागरिक, इग्निस–इग्निस, आग, म्हणजे आपला अग्नी), किंवा एकाक्षरी प्रथमेच्या मागे अंगात दोन व्यंजनं असतील (उर्ब्स–उर्बिस, शहर, देन्स–देन्तिस, दात), तर –इउम. अपवाद घरातलेच आहेत: पातेर, मातेर, फ्रातेर, म्हणजे पिता, माता, भ्राता. ते –उम घेतात. मारे (समुद्र) आणि आनिमाल सारखे –ए, –आल, –आर ने संपणारे नपुंसकलिंगी शब्द पंचमीत –ई घेतात आणि अनेकवचनात –इआ: मारी, मारिआ.

### ७. एकसारखी दिसणारी रूपं कशी सोडवायची

‘रोसाय’ हे रूप षष्ठी एकवचन, चतुर्थी एकवचन, प्रथमा अनेकवचन, संबोधन अनेकवचन, यांपैकी काहीही असू शकतं. हे पाहून हताश होणारे अनेक आहेत. पण वाक्यात शब्द एकटा कधीच नसतो.

क्रम असा ठेवा. आधी क्रियापद शोधा आणि ते एकवचनी की अनेकवचनी ते पाहा. मग त्याला जुळणारी प्रथमा. मग ‘म’ किंवा ‘स’ वाली द्वितीया. उरलेल्या नामांचा विचार सगळ्यात शेवटी.

‘नाउता रेगिनाय रोसाम दात.’ दात म्हणजे देतो. नाउता म्हणजे खलाशी, तो प्रथमा. रोसाम द्वितीया. देणं आलं की कुणाला ते येणारच, म्हणून रेगिनाय चतुर्थी: खलाशी राणीला गुलाब देतो. आता ‘नाउता रेगिनाय रोसाम विदेत.’ विदेत म्हणजे पाहतो. इथे ‘राणीला’ला जागा नाही, म्हणून षष्ठी: खलाशी राणीचा गुलाब पाहतो.

दीर्घतेची रेघ हवी म्हटलं ते अशासाठी. मानुस ही प्रथमा, मानूस ही षष्ठी. रेगिस मधला इ ऱ्हस्व, ती एकवचनी षष्ठी. दोमिनीस मधला ई दीर्घ, ती अनेकवचनी चतुर्थी-पंचमी. रोसा मधला शेवटचा आ प्रथमेत ऱ्हस्व आणि पंचमीत दीर्घ. देवनागरीत हा शेवटचा फरक दाखवता येत नाही, तिथे वहीत दीर्घ आ वर रेघ ओढा.

### ८. मराठीमुळे होणारे घोटाळे

या भागाला वेळ द्या. हे फास कुठल्याच इंग्रजी पुस्तकात सापडणार नाहीत.

‘ला’ एक, विभक्त्या दोन. स-ला-ते, स-ला-ना-ते आपण द्वितीयेलाही म्हणतो आणि चतुर्थीलाही. ‘राणीला पाहतो’ आणि ‘राणीला देतो’ यांत आपल्याला फरक ऐकू येत नाही. लॅटिनमध्ये पहिलं रेगिनाम, दुसरं रेगिनाय. प्रत्येक ‘ला’पाशी थांबून विचारा: हे कर्म आहे, की देण्याचा धनी?

प्रत्यय नसलेलं कर्म. ‘मी गुलाब पाहतो’ यात गुलाबाला आपण काहीच लावत नाही, कारण तो निर्जीव. लॅटिनमध्ये सजीव-निर्जीव भेद नाही. कर्म असेल तर द्वितीया हवीच: रोसाम.

भूतकाळातला ‘ने’. सगळ्यात मोठा खड्डा हा. ‘राजाने युद्ध केलं’ मधला ‘ने’ ऐकून हात आपोआप पंचमीकडे जातो. लॅटिनमध्ये भूतकाळातही कर्ता प्रथमेतच राहतो: ‘रेक्स बेल्लुम गेस्सित’. ‘तलवारीने’ मधला ‘ने’ खरा साधनाचा, तिथे पंचमी: ग्लादिओ. आणि ‘राजाकडून’ म्हणायचं असेल तर ‘आ रेगे’, म्हणजे आधी ‘आ’ हे अव्यय आणि मग पंचमी.

‘शहरात’ दोन प्रकारचं. ‘शहरात जातो’ आणि ‘शहरात राहतो’ आपल्याला सारखंच. लॅटिनमध्ये गती असेल तर ‘इन उर्बेम’, द्वितीया. स्थिती असेल तर ‘इन उर्बे’, पंचमी. अव्यय तेच, विभक्तीवरून अर्थ फिरतो.

मराठी काही ठिकाणी मदतही करते, आणि ती इंग्रजी वाचकाच्या नशिबात नाही. ‘मला आवडतं’ हे लॅटिनमध्ये ‘मिही प्लाकेत’, मिही म्हणजे मला, चतुर्थी. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे ‘मिही सुन्त दुओ फ्रात्रेस’. शब्दाला शब्द जुळतो. इंग्रजी पुस्तकात या रचनेला स्वतंत्र प्रकरण आणि भारदस्त नाव असतं. तुम्ही ते सरळ वाचून पुढे जा.

### ९. लिंग आणि विशेषण: शेवटावर जाऊ नका

विशेषण नामाशी लिंग, वचन आणि विभक्ती या तिन्हींत जुळतं. पण जुळणं म्हणजे यमक नव्हे. नाउता पहिल्या गटात आहे, तरी खलाशी पुल्लिंगी, म्हणून चांगला खलाशी ‘नाउता बोनुस’. उलट, झाडांची नावं लॅटिनमध्ये बहुधा स्त्रीलिंगी असतात, शेवट –उस असला तरी. पिंपळाचं शास्त्रीय नाव फिकुस रेलिजिओसा, उंबराचं फिकुस रासेमोसा. विशेषण –आ ने का संपतं हे वनस्पतिशास्त्राच्या वर्गात क्वचितच सांगितलं जातं. त्याच वर्गातलं दुसरं उदाहरण गुग्गुळाचं. कोमिफोरा वाइटिई या नावातला दुसरा शब्द म्हणजे रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव षष्ठीत: वाइटचा. अशा नावांतला –ई नेहमी हाच, दुसऱ्या गटाच्या षष्ठीचा.

### १०. सरावाला ओळखीचे शब्द घ्या

पुस्तकातली खलाशांची आणि राण्यांची वाक्यं लवकर कंटाळा आणतात. सरावाचं उत्तम साहित्य आपल्या आसपास पडलेलं आहे.

शाळेचं बोनाफाईड: ‘बोना फिदे’, सद्भावनेने. फिदेस पाचव्या गटातला, ‘फिदे’ ही त्याची पंचमी. बोना ही पहिल्या गटासारखी पंचमी. शेवट वेगळे, विभक्ती एक.

न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली की वर्तमानपत्रं ‘सुमोटो’ छापतात. मूळ ‘सुओ मोतू’. मोतुस चौथ्या गटातला, पंचमी मोतू. शेवटी ओ लिहिला तर गटच चुकतो. ‘अमायकस क्युरी’ मध्ये ‘कूरियाय’ ही पहिल्या गटाची षष्ठी: न्यायालयाचा मित्र. ‘एक्स ऑफिशिओ’ (पदसिद्ध) मध्ये एक्स नंतरची पंचमी.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एच.एस. असेल तर ते ‘होरा सोम्नी’: होरा पंचमी, सोम्नी षष्ठी, झोपेच्या वेळी. ए.सी. म्हणजे ‘आन्ते किबुम’, जेवणाआधी, द्वितीया. पी.आर.एन. म्हणजे ‘प्रो रे नाता’, गरज पडेल तेव्हा, आणि यात पाचव्या गटाची पंचमी ‘रे’ आयती मिळते.

वसईत किंवा गोव्यात ख्रिस्ती घरातल्या जुन्या पिढीला लॅटिन प्रार्थना तोंडपाठ असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) उपासना लॅटिनमध्येच होत असे. त्या म्हणून घ्या, चर्चच्या उच्चारात, आणि प्रत्येक नामाची विभक्ती सांगा. ‘आग्नुस देई’: देवाचं कोकरू, षष्ठी. ‘ओरा प्रो नोबिस पेक्कातोरिबुस’: प्रो नंतर पंचमी, –बुस म्हणजे अनेकवचन, आम्हा पाप्यांसाठी प्रार्थना कर. ‘इन ओरा मोर्तिस नोस्त्रे’: इथला ओरा म्हणजे वरचाच होरा, पंचमी, कारण इन आणि स्थिती. मोर्तिस तिसऱ्या गटाची षष्ठी. नोस्त्रे हे विशेषण मोर्तिसला जुळणारं, शेवट वेगळा तरी तीच षष्ठी: आमच्या मरणाच्या घटकेला.

रोज नवे पाच शब्द प्रथमा-षष्ठी-लिंगासकट वहीत उतरवा, आणि जुन्यांतला एक घेऊन त्याची दहाही रूपं न पाहता लिहा. तिसऱ्या गटातले शब्द मोठ्याने म्हणा. नामं नीट बसेपर्यंत सर्वनामांना हात लावू नका. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची षष्ठी –इउस आणि चतुर्थी –ई अशी, तिन्ही लिंगांत सारखी असते: ‘इल्लिउस, इल्ली’, त्याचा-तिचा, त्याला-तिला. तो तक्ता स्वतंत्र आहे आणि तो सावकाश, नामांनंतरच घ्यावा.